इंगवलेकाकांचा पाचवा माणूस

बास्केटबॉलच्या कोर्टावर आल्या आल्या खाली वाकून खडे वेचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आमचं कोर्ट सिमेंटचं आहे. बडोद्यात, निजामपुऱ्यातल्या एका व्यायामशाळेच्या मागे, एका अंगाला कुस्तीचा हौद आणि दुसऱ्या अंगाला सोसायटीची भिंत, अशा जागेत ते कसंबसं बसवलंय. तिथे खडा असलाच तर एखादा, कुणाच्या स्कूटरच्या चाकाबरोबर आलेला. पण इंगवलेकाका संध्याकाळी फाटकातून आत आले की हातातली कापडी पिशवी भिंतीशी टेकवायचे आणि कोर्टाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीकडे बघत चालायचे. काही सापडलं की पँटच्या खिशात. त्यांच्या काळी हेच कोर्ट मातीचं होतं. पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, खडे वेचायचे, ही सगळी कामं खेळाडूंचीच असत. माती जाऊन सिमेंट आलं, पण काकांची कंबर वाकायची थांबली नव्हती.

"कपड्यांचं मशीन बिघडलं यांच्या खिशातल्या खडीनं," काकू सांगायच्या. "दुरुस्तीवाला मला विचारतो, तुमचे मिस्टर बांधकामावर जातात का?"

काका यावर हसायचे, पण अर्धवट. त्यांचं हसणं नेहमीच मधे कुठेतरी थांबायचं, जणू कुणीतरी मागून हाक मारली आहे. मला ते फार उशिरा समजलं. त्यांना एका माणसाचा एक शॉट मोजायचा राहिला होता. त्यांच्या बाकी सगळ्या सवयी, सगळे विनोद, आम्हाला फुकट शिकवणंसुद्धा, त्या एका गोष्टीच्या अवतीभवती होतं, असं आता वाटतं. ते यंदा गेले. मी लेखक नाही, आणि त्यांचं चरित्र मला माहीतही नाही. जेवढं पाहिलं तेवढंच लिहिते.

मी त्या कोर्टावर पोचले ती माझ्या उंचीमुळे. माझे वडील धुळ्याकडून बडोद्याला आले, वाघोडियाच्या एका कारखान्यात ऑपरेटर आहेत. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. पहिल्याच आठवड्यात स्पोर्ट्सच्या मॅडमनी मला गर्दीत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू बास्केटबॉलमध्ये." मला खेळ येत नव्हता, आणि मॅडमना नाही म्हणायचं असतं हेही माहीत नव्हतं. कॉलेजला कोच नव्हता. मुलींना शिकवायला व्यायामशाळेतले एक काका आहेत, त्यांच्याकडे जा, असं सांगितलं.

काकांनी माझ्या हातात बॉल दिला. मी तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"पोरी, दुधाची पिशवी नाहीये ती. पडली तरी फुटत नाही."

बाकीच्या मुली हसल्या. काका माझ्याभोवती एक चक्कर मारून आले. सत्तरीच्या आसपासचे असतील, तरी माझ्यापेक्षा चांगलेच उंच होते. अंगात पांढरा हाफ शर्ट, खाली इस्त्रीची पँट, पायात खडू लावून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट.

"उंच आहेस आणि त्याची लाज वाटते तुला. पोक काढून उभी राहतेस. मीपण असाच होतो. मग मला बास्केटखाली उभं केलं, आणि लोक म्हणायला लागले, इंगवले सरळ उभा राहिला तर दोन गुण." थोडं थांबून म्हणाले, "आता नाही म्हणणार कोणी."

काका पिव्हट होते. म्हणजे बास्केटच्या अगदी खाली, बास्केटकडे पाठ करून उभा राहणारा माणूस. बाकीच्यांनी बॉल त्याला आणून द्यायचा, त्याने अंगावरचा खेळाडू पाठीनं रेटत वळायचं आणि डोक्यावरून हात फिरवून बॉल अलगद आत सोडायचा. एका मोठ्या कारखान्याच्या संघाचे ते कप्तान होते. डेअरीवर दूध घ्यायला गेलं की अजून एखादे म्हातारे गृहस्थ हात जोडून "आवो पिव्हटसाहेब!" म्हणायचे. काका चोरी पकडल्यासारखे इकडेतिकडे बघायचे.

त्यांचा एक खेळ होता. आम्ही त्याला चपलांची मॅच म्हणायचो. सराव संपला, आम्ही घाम पुसत बसलो की काका म्हणायचे, "चला, चपला काढा बघू." मग आमच्या चपला घेऊन ते कोर्टावर मांडायचे. ही बाबूची, हा ठेंगणा, बॉल हातात आला की सापडायचा नाही. ही इस्माईलची, याच्या अंगावरून कोणी पलीकडे गेला नाही. ही पटेलची. आणि बास्केटखाली त्यांचा स्वतःचा मोठा कॅनव्हासचा बूट, जो काढून ते एका पायात मोजा घालून फिरायचे. हा त्यांचा जुना संघ. समोर आमच्या पाण्याच्या बाटल्या, तो आजचा संघ. प्रश्न रोज एकच. हे लोक आजच्या खेळात कुठे बसले असते?

हेतल घड्याळ लावायची. हेतल आमच्यातली सगळ्यात चांगली खेळाडू, समा भागात राहणारी, बोलायची गुजरातीत. काका तिला मराठीत उत्तर द्यायचे आणि दोघांचं काही अडायचं नाही. आजच्या नियमाने चोवीस सेकंदांत शॉट मारावा लागतो. काका बाबूची चप्पल पुढे सरकवायचे, इस्माईलची कोपऱ्यातून वर आणायचे, पटेलला आडवा घालायचे, आणि मग बूट हळूहळू वळवायला लागायचे.

"काका, टाइम पती गयो!" हेतल ओरडायची. वेळ संपलेली असायची.

"अगं, वळू दे तर मला!"

"तमे वळो त्यां सुधी तो सामेवाळा बे बास्केट करी नाखे."

काका बुटाकडे बघत राहायचे. "खरंय," म्हणायचे. "बाबू आज चालला असता. बाबूला आज डोक्यावर घेतलं असतं. इस्माईलपण चालला असता, पाय होते त्याला. पटेलला अर्धा वेळ बसवावं लागलं असतं. आणि हा इंगवले..." बूट उचलून पायात घालत ते म्हणायचे, "याला आज कोणी पाणी आणायलापण ठेवलं नसतं."

आम्ही हसायचो. ते खोट्या नम्रतेनं बोलत नव्हते. मोबाइलवर परदेशातल्या मॅचेस बघायला त्यांना हेतलनंच शिकवलं होतं. ते तासन्तास बघायचे. जुन्या जमान्यातल्या उंच खेळाडूंच्या चित्रफिती आणि आजचे सामने, एकामागून एक. कोण कुणाला भारी पडला असता यावर लोक भांडतात, तसं ते भांडायचे नाहीत. ते फक्त माणूस उचलून दुसऱ्या काळात ठेवून बघायचे. आजच्या खेळात बास्केटखाली कोणी उभंच राहत नाही, सगळे बाहेर पसरतात, लांबून मारतात, उंच माणसंसुद्धा, हे बघून त्यांना राग येत नव्हता.  एकदा एका बारीक चणीच्या खेळाडूनं कोर्टाच्या जवळजवळ मध्यातून बॉल टाकला, बॉल दोरीलाही न लागता आत गेला, आणि काकांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. बराच वेळ सुलटा केला नाही.

चपलांच्या मॅचमध्ये एक गोष्ट आम्हाला कळायची नाही. संघ पाच जणांचा असतो. काका चारच मांडायचे.

"पाचवा कोण, काका?"

ते डाव्या हाताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचे, जिथे सोसायटीची भिंत कोर्टाच्या अगदी जवळ येते. "रघू. तो तिथे असतो."

"मग त्याची चप्पल?"

"नको. असू दे."

सराव घेतानाही तसंच. पास कसा द्यायचा ते दाखवताना काका कधीकधी मान एकीकडे ठेवून, न बघता, त्या रिकाम्या कोपऱ्यात बॉल टाकायचे. बॉल भिंतीवर आपटून कुस्तीच्या हौदाच्या दिशेनं घरंगळत जायचा. आमच्यापैकी कोणीतरी धावत जाऊन आणायची. "सॉरी," काका म्हणायचे. आमच्याकडे बघून नाही. कोपऱ्याकडे बघून.

सुरुवातीला आम्हाला गंमत वाटायची. नंतर त्या कोपऱ्यात उभं राहायला मला बरं वाटेना. मी तिथे असले की काकांचं बोलणं तुटायचं. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून जरा मागे जायची आणि मला मागे वळून बघावंसं वाटायचं. भिंत, भिंतीवर वाळत घातलेली कुणाची तरी गोधडी, एवढंच असायचं.

एकदा काकूंना विचारलं. त्या ढोकळ्याचं ताट पुसत होत्या. म्हणाल्या, "आमच्या घरात रघू कधी आला नाही. पण गेलापण नाही."

त्यामुळे रघू मेलेला आहे असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. इस्माईल गेला होता, पटेल गेला होता, बाबू मुलाकडे परदेशात होता. काका चौघांबद्दल एकाच आवाजात बोलायचे.

मग ती मॅच झाली. दुसऱ्या एका कॉलेजच्या मुली आमच्या कोर्टावर खेळायला आल्या होत्या. साधीच, सरावाची मॅच. काका बाहेर खुर्चीवर बसले होते. शेवटची काही मिनिटं राहिली होती, आम्ही मागे होतो. मी बास्केटखाली हात वर करून उभी होते, काकांनी शिकवल्याप्रमाणे. हेतलच्या हातात बॉल आला तेव्हा ती डाव्या कोपऱ्यात होती, तीन गुणांच्या रेषेच्या बाहेर. तिनं मला बघितलं. मी मोकळी होते. तरी तिनं बॉल मला दिला नाही, गुडघे वाकवले आणि शॉटला हात वर नेला.

"लांबून नको!"

काका खुर्चीतून उठून ओरडले होते. असा आवाज मी त्यांचा कधीच ऐकला नव्हता. तो म्हाताऱ्या माणसाचा आवाज नव्हता. कप्तानाचा होता. हेतल दचकली, पण बॉल तोवर सुटला होता. तो आत गेला.

आम्ही नाचलो. मी वळून पाहिलं तर काका उभेच होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. गुण मांडणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "किती धरले?"

"तीन, काका."

"तीन," ते म्हणाले, आणि बसले. खुर्ची थोडी मागे होती. पडता पडता वाचले.

मॅच आम्ही जिंकलो की हरलो ते मला आज आठवत नाही. दुसऱ्या कॉलेजच्या मुली गेल्यावर हेतल काकांसमोर जाऊन बसली. तिला राग आला होता. "काका, केम बूम पाडी? का ओरडलात? तुम्हीच म्हणता ना, आजच्या गेममध्ये लांबून मारायचं?" एवढं मराठी ती रागातच बोलायची.

काकांनी खिशातून खडे काढले आणि एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. मग त्यांनी सांगितलं, अगदी सरळ.

रघू लांबून मारायचा. त्याच कोपऱ्यातून. मातीचं कोर्ट, जड बॉल, आणि तरी दहातले सात-आठ आत. पण त्या काळी ती तीन गुणांची रेषाच नव्हती. कुठूनही मारा, दोनच गुण. मग बास्केटखाली कप्तान हात वर करून उभा असताना लांबून मारायचं कशाला? "आम्ही म्हणायचो, जवळ बसून घास भरवता येतो तर लांबून तोंडात फेकायचा कशाला? ते मस्ती समजलं जायचं. हपापलेपणा. मीच ओरडायचो त्याच्यावर. आत्ता ओरडलो ना, तसाच." कारखान्याला संघातले काही जण नोकरीत कायम करायचे होते. साहेबांनी कप्तानाला एकेकाबद्दल विचारलं. "मी म्हणालो, साहेब, रघूचा हात चांगला आहे, पण तो संघाचा माणूस नाही. स्वतःसाठी खेळतो. खोटं बोललो नाही मी. मला तसंच वाटायचं. सगळ्यांना तसंच वाटायचं." त्याला सोडून बाकीच्यांना नोकरी लागली. रघू परत कोर्टावर आला नाही.

"आणि काही वर्षांनी एक दिवस माणसं आली, आणि या कोर्टावर ती रेषा आखून गेली," काका म्हणाले. "मी उभा राहून बघत होतो. जिथून आखली, त्याच्याही बाहेर उभा राहायचा तो."

 मग हेतलनं हळूच विचारलं, "रघूकाका कधी गेले?"

"कुठे गेले?" काका गोंधळून म्हणाले. "सावली गावाला आहे तो. पिठाची चक्की आहे त्याची."

 इतके दिवस ज्या कोपऱ्यात उभं राहायला मी घाबरत होते, तिथला माणूस बसनं जाऊन भेटता येईल एवढ्या अंतरावर गहू दळत होता.

"मग बोलवा ना त्यांना!"

"एवढंच तर राहिलंय," काका म्हणाले. "एकदा त्याला इथे आणायचं. रेषेच्या बाहेर उभं करायचं. त्यानं मारावा, आणि कोणीतरी तीन धरावेत. बस. मग मी सुटलो. पण कुठल्या तोंडानं बोलावू?"

त्यानंतर ते चपला मांडेनासे झाले. आम्ही मांडल्या तर मोजा सावरत बाजूला उभे राहायचे. हेतलला मात्र ते रोज त्या कोपऱ्यातून मारायला लावायचे, अंधार पडेपर्यंत, आणि प्रत्येक वेळी आत गेला की ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायचे. ते काय म्हणायचे हे विचारायची आमची छाती झाली नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "पोरी, सावलीची बस कुठून मिळते गं?"

बडोद्यात जन्म गेलेला माणूस. मला हसू आलं, पण मी हसले नाही. माझी मावशी सावलीला राहते हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "काका, मी येते."

ते दुसऱ्याच दिवशी, दुपारी, बुटांना नव्यानं खडू लावून आले होते. पिशवीत नवा कोरा बॉल होता. बसमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर धरली होती, पोटाशी, दोन्ही हातांनी.  सावलीला उतरल्यावर म्हणाले, "तो ओळखणार नाही."

त्यानं लांबूनच ओळखलं.

"अरे, माधव! माधव इंगवले! आव, आव, बेस ना यार!"

चक्की चालू होती. पट्टा फटफटत होता आणि घरघर एवढी होती की ओरडून बोलावं लागत होतं. रघूकाका पिठानं पांढरे झाले होते. भुवया, पापण्या, कानांवरचे केस, हातांच्या शिरासुद्धा. त्या पांढऱ्या चेहऱ्यात फक्त डोळे काळे होते. काका दारातच थांबले. त्यांना पाऊल आत टाकता येत नव्हतं. मी त्यांच्या कोपराला हात लावला तेव्हा ते आत आले.

रघूकाकांनी आम्हाला दळणाच्या डब्यांच्या मधे बाकावर बसवलं. घरात हाक मारून चहा मागवला. "ही कोण, नात?" "नाही, माझ्याकडे खेळते." "वा! उंच आहे हां." मग ते बोलत राहिले. गुडघ्याबद्दल, सूनबाईबद्दल, लोक तयार पिठाच्या पिशव्या आणायला लागले त्याबद्दल. नातू पाचवीत आहे, शाळेतून संध्याकाळी येतो, अभ्यासात डोकं नाही. चाळीस वर्षांनी भेटलेल्या माणसाशी नाही, काल भेटून गेलेल्याशी बोलावं तसं. काका चहाचा कप हातात धरून फक्त बघत होते. चहावर साय धरली.

शेवटी ते म्हणाले, "रघू, आता तिथून तीन धरतात."

"काय?"

"तिथून. तुझ्या कोपऱ्यातून. तीन गुण!" चक्कीच्या आवाजावर ओरडून सांगावं लागलं.

"ते होय! माहिती आहे ना. टीव्हीवर दाखवतात की. नातू बघतो."

"तू आज असतास तर..."

"आज आहेच की मी," रघूकाका हसले. पिठात दोन सुरकुत्या उमटल्या.

"रघू, मी साहेबांना सांगितलं होतं. तुला घेऊ नका म्हणून. मीच."

"ते तर तेव्हाच कळलं होतं मला. शिपायानं सांगितलं." त्यांनी एका डब्यात पीठ ओतलं, वरून हात फिरवून सारखं केलं, झाकण लावलं. "माधव, खरं सांगू? मला तो खेळ कधी आवडलाच नाही रे. भाऊ म्हणाला, खेळ, नोकरी लागेल. म्हणून खेळलो. लांबून का मारायचो माहिती आहे? आत आलं की तुम्ही लोक कोपरं मारायचे. तुझं कोपर तर काय, बापरे! मी आपला भिऊन बाहेर उभा राहायचो."

"खोटं बोलतोस."

"खोटं कशाला बोलू? बरं झालं नोकरी लागली नाही. तुमचा कारखाना बंद पडला, माझी चक्की चालू आहे."

"खोटं बोलतोस तू, रघू. मला बरं वाटावं म्हणून."

 एक बाई दळण घ्यायला आली होती. तिला डबा दिला, पैसे गल्ल्यात टाकले. काकांनी पिशवीतून बॉल काढला आणि पुढे केला. त्या पिठाच्या, पांढऱ्या खोलीत तो नारिंगी बॉल फारच भडक दिसत होता.

"चल माझ्याबरोबर. एकदाच. बडोद्याला. एक शॉट मार. मी संध्याकाळी परत आणून सोडतो."

"पागल आहेस का? चक्की कोण बघेल?"

"मग धर तरी."

"हात पिठाचे आहेत माझे. तिथे ठेव, बाकावर. नातू खेळेल."

काकांनी बॉल बाकावर ठेवला. तो घरंगळायला लागला तसा मी पायानं अडवला आणि दोन डब्यांच्या मधे बसवला. आम्ही निघालो. दारापर्यंत रघूकाका सोडायला आले, म्हणाले, "येत जा हां, माधव. वहिनींना घेऊन ये." त्यांनी काकांच्या दंडावर थाप मारली. शर्टावर पिठाची पाच बोटं उमटली. काकांनी ती झटकली नाहीत.

चक्कीच्या मागच्या भिंतीला लागूनच रस्ता जातो. बडोद्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. भिंतीपलीकडे त्यांचं मागचं अंगण असणार, कारण वरून लिंबाच्या झाडाचा शेंडा दिसत होता. आम्ही तिथे उभे राहिलो. ट्रॅक्टर गेला, उसाची मोळी घेऊन एक माणूस सायकलवर गेला. काका मला म्हणाले, "तुला काय वाटतं? खरं बोलला का तो?"

 खरं असेल तर काकांनी चाळीस वर्षं एका अशा माणसाला त्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं, जो तिथे कधी नव्हताच. खोटं असेल तर ते त्याहून वाईट. मी म्हटलं, "माहीत नाही, काका."

"मलापण नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात चक्की बंद झाली. आपोआप नाही. बटण बंद केल्यावर पट्टा हळूहळू थांबतो, तशी. इतका वेळ कानांत भरलेली घरघर गेली आणि सगळी दुपार एकदम उघडी पडली. भिंतीपलीकडून एक आवाज आला. बॉल जमिनीवर आपटल्याचा. एकदाच. मग थांबला. मग पुन्हा, दोनदा, जरा अडखळत.

मी वळणार, तोच काकांनी माझं मनगट धरलं. "बघू नकोस."

बॉल आपटायला लागला, सारखा, एका लयीत. नातू शाळेत होता. सूनबाई असतील, असंही मला वाटून गेलं. अजूनही कधीकधी वाटतं. काकांनी डोळे मिटले होते आणि ते मान किंचित कलती करून ऐकत होते. मग लय थांबली. बॉल हातात घेतल्यावर आणि सोडण्याआधी जी शांतता होते, ती झाली.

लांबचा शॉट सुटला की पंच एक हात वर करतो, तीन बोटं उघडून. म्हणजे, मारलाय तिथून, अजून आत गेलेला नाही. गेला तर दुसराही हात वर करतो, आणि तीन गुण पक्के होतात. काकांचा उजवा हात वर गेला होता.

बडोद्याकडे जाणाऱ्या शटलच्या, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणाऱ्या, गाडीला वाटलं, हात तिच्यासाठीच आहे. ती करकचून थांबली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "वडोदरा? आवी जाओ, जग्या छे."

काका हलले नाहीत. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. भिंतीपलीकडे त्या अंगणात बास्केट असणं शक्य नव्हतं. नुसतं झाड होतं, आकाश होतं. मग बॉल खाली पडल्याचा आवाज आला, मऊ मातीवर पडावा तसा, आणि पुढे काहीच नाही.

काकांनी डाव्या हातातली रिकामी पिशवी रस्त्याच्या कडेला खाली ठेवली, आणि तोही हात वर केला.